काळी रेघ, लाल रेघ

९ जानेवारी १९७७

सात! एका पिंजऱ्यात सात उंदीर! पिंजरा तसा दोघातिघांचा, पण आत सगळे दाटीवाटीने बसलेले, जत्रेच्या बसमधल्यासारखे. मी पिंजरा उचलला तर सातही जण माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मीच त्यांच्या घरात शिरलोय.

आता फार झालं. गेल्या आठवड्यात माझ्या लग्नातल्या कोटाची बाही कुरतडली. तोच कोट घालून शाळेत गेलो. आठवीची पोरं तासभर फळा सोडून बाहीकडे बघत होती. तेही सोसलं. पण आज सौ.ने आतल्या खोलीत नेऊन ढोली दाखवली.

ढोली म्हणजे धान्याची कणगी: बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या कमरेइतकी उंच. खायचं धान वेगळं असतं; या लहान ढोलीत फक्त सौ.चं चिन्नोर. लग्नात माहेराहून, कोंढ्याहून निघताना तिच्या वडिलांनी ओटीत तांदूळ न घालता चार मुठी बियाणं घातलं होतं. "हे पेरत जाजो, बाई." वीस वर्षं झाली, परसातल्या एका बांधीत, भाताच्या वाफ्यात, ती दरसाल तेवढंच लावते, तेवढंच राखते. वडील गेले. कोंढ्यात भावांनी सगळीकडे नवं, जाडं 'जया' धान लावलं — भरघोस येतं! म्हणजे त्यांच्या घरचं ते बारीक, वासाचं बियाणं आता एकाच ठिकाणी उरलंय. कारध्यात. माझ्या घरी. आणि ढोलीच्या बुडाशी दातांच्या ताज्या खुणा!

सौ. म्हणाली, "हे गेलं तं माह्या बापाच्या घरचं माह्यापाशी काईच नाई उरत."

मी म्हणालो, काळजी करू नकोस सत्यभामे, हा गणिताचा प्रश्न आहे.

"उंदराले गनित येते का?"

नसेल येत. पण येणार. त्यांना नाही, मला!

१० जानेवारी

सातांचं करायचं काय? मी बादलीभर पाणी आणलं. सौ. आडवी आली. "गनपतीचं वाहन हाय ते! माह्या घरात जीव घ्याचा नाई." मग काय, सायकलच्या कॅरिअरला पिंजरा बांधला आणि नदीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोडून आलो. धुऱ्यापलीकडे गोमाजीचं वावर. गोमाजी तिथंच उभा! नुसता टोपी काढून डोकं खाजवत होता.

१६ जानेवारी

शाळेतून आलेख कागदाचे चार ताव आणून भिंतीवर चिकटवले. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर उंदीर. दर रविवारी आठवड्याची बेरीज, काळ्या शाईचा ठिपका. या आठवड्यात एकतीस.

सौ. म्हणते, भिंत परवाच सारवली होती.

३० जानेवारी

घोटाळा!

पिंजऱ्यात एक शेपूट तुटलेला उंदीर होता. सौ. सहज म्हणाली, "हा लांड्या आज तिसऱ्यांदा आला." मी सर्द झालो. आठवून पाहिलं — खरंच, मंगळवारी पण होता! म्हणजे मी त्याला धुऱ्यावर सोडतो, सायकल वळवतो, आणि हा माझ्याआधी घरी! गेल्या आठवड्याच्या सेहेचाळिसात लांड्या किती वेळा? आणि बाकीचे? सगळा आलेख संशयात.

उपाय: सोडण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीला लाल शाई. लांड्याला शेपूट नाही, म्हणून कानाला लावायला गेलो. अंगठ्याला कडकडून चावला!

१ फेब्रुवारी

अंगठा सुजलाय. खडू धरवत नाही. शाळेत सांगितलं, दारात बोट सापडलं.

६ फेब्रुवारी

गोमाजी दारात. "मास्तर, माह्या वावरात लाल शेपटीचे उंदरं फिरून रायले. आमची म्हातारी हात जोडून रायली त्याहिले. आता सांगा, काय करू?"

१३ फेब्रुवारी

मांजर आणली!

भंडाऱ्यात शाळेच्या वाटेवर भैय्यालालचं तांदळाचं गोदाम आहे. त्याच्याजवळ सहज विषय काढला. "अरे मास्तरजी, पहले क्यों नहीं बोले? एक ले जाओ! दो ले जाओ!" हा माणूस उन्हाळ्यात कोणाला पाण्याचा पेला देताना दहा वेळा विचार करतो. आज एवढा उदार का झाला कोण जाणे. एकच घेतली. करडी, मानेवर पांढरा पट्टा, चेहरा हिशेबात चूक काढणाऱ्यासारखा. गोदामाच्या गादीवर बसायची सवय, म्हणून नाव ठेवलं मुनीम.

पिशवीत घालून हँडलला टांगली. शहरभर चूप. वैनगंगेच्या पुलावर आल्यावर मात्र जो काही टाहो फोडला! खाली धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एक ओरडली, "मास्तर, कोनाचं लेकरू नेऊन रायले?"

सौ.ला भीती होती पापाची. पण तिनंच तोडगा काढला: "मांजरीनं मारलं तं तिचा धरम. आपन मारलं तं पाप." सगळा प्रश्न एका वाक्यात सुटला. बी. ए. मी आहे.

२० मार्च

सगळा देश मतं मोजतोय. गोमाजीच्या ओसरीवर रेडिओभोवती गाव जमलं होतं. मी घरी उंदीर मोजले. एकोणीस. घसरण स्पष्ट आहे. गोमाजीला जाऊन सांगितलं, तर म्हणाला, "कोनाची?"

१० एप्रिल

मुनीम चार दिवस दिसली नाही. आज अर्धवट उघडी राहिलेली ट्रंक पूर्ण उघडली. कोटावर मुनीम, आणि मुनीमच्या पोटाशी चार पिल्लं! म्हणजे भैय्यालालने मला एक नाही, पाच दिल्या होत्या. कोट आता कायमचा गेला.

आलेखावर लाल शाईची रेघ सुरू केली. लाल म्हणजे मांजरी. काळी म्हणजे उंदीर. आजची नोंद: लाल पाच, काळी अकरा.

११ सप्टेंबर

लाल सहा. (एक बोका आपणहून राहायला आलाय. जावयासारखा. खातो आणि झोपतो.) काळी तीन. काळी रेघ उतरते, लाल चढते. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात तो बिंदू मी गोल करून ठेवला आणि तारीख टाकली. इतकं सुबक काही आयुष्यात काढलं नव्हतं. लांड्याही महिनाभर दिसला नाही. उगाच चुटपुट लागली.

१८ डिसेंबर

शून्य! पूर्ण शून्य! आठवडाभर पिंजरा रिकामा. चिन्नोर कापून, झोडून, वाळवून ढोलीत गेलं, तोंड लिंपलं, एक दाणा गेला नाही. लाल रेघ नऊवर.

संध्याकाळी पारावर गोमाजी आणि चार जणांना भिंतीवरून सोडवून नेलेला आलेख उलगडून दाखवला. म्हटलं, कारध्यातल्या एका घरातून तरी उंदीर हा प्राणी शास्त्रीय पद्धतीने नाहीसा झालाय. टाळ्या वाजल्या नाहीत, पण माना हलल्या.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती नऊ ताटल्यांत भात कालवत होती. म्हणाली, "ते सगळं बरोबर हाय. पन आता ह्या काय खातीन?"

हा मुद्दा माझ्या आलेखात नव्हता.

५ फेब्रुवारी १९७८

काय खातील, ते कळलं. दूध. तूप. वाळवलेले मासे. पाटावर ठेवलेलं माझं ताट, मी हात धुवायला गेलो तेवढ्यात! शेजारच्या शकुनबाईंच्या कोंबडीची तीन पिल्लं. शकुनबाई आमच्या अंगणात उभ्या राहून बोलत नाहीत, सगळ्या वाडीला उद्देशून बोलतात. "शिकले-सवरलेले लोक मांजरीची शाळा काढून बसले अन् आमची कोंबडी रडून रायली!"

मांजरी वाळल्यात. बोका सोडून. बोका कसा टिकलाय देव जाणे.

२६ फेब्रुवारी

आज मास्तरांच्या मांजरींनी शकुनबाईंची मोठी कोंबडी धरली. "मास्तरांच्या मांजरी" हे शब्द मी स्वतः तीन ठिकाणी ऐकले. हेडमास्तरांच्या कानावर गेलं तर?

ठरलं. मांजर पाण्यापलीकडे सोडली की परत येत नाही, हे गोमाजीसुद्धा मानतो. आणि मी तर रोजच नदी ओलांडतो.

१ मार्च

पहिली खेप: तीन. पोत्यात. शाळेत जाताना भैय्यालालच्या गोदामामागे सोडल्या. त्याच्याच होत्या, त्यालाच परत. व्याजासकट.

३ मार्च

दुसरी खेप: तीन. गोदामातून भैय्यालालने हाक मारली, "मास्तरजी, बोरे में क्या है?" म्हटलं, वह्या. वह्या ओरडल्या. मी जोरात पायडल मारलं.

४ मार्च

तिसरी खेप. दोन पिल्लं आणि मुनीम. सौ. दारात आडवी झाली. "मुनीम राहू द्या. ते ढोलीपाशी निजते." मी म्हणालो, एक ठेवली तर पुन्हा नऊ होणार. हा भूमिती श्रेढीचा... ती म्हणाली, "राहू द्या जी." जी म्हणाली! ती मला वर्षातून दोनदा जी म्हणते.

मी नेली.

१२ मार्च

सौ. बोलत नाही. ताट येतं, पाणी येतं, आवाज येत नाही. आज एवढंच म्हणाली, "माह्या ढोलीचा पहारा नेला तुमी." माझ्याशी नाही, चुलीशी.

मी आलेख पाहिला. लाल शून्य. काळी शून्य. दोन्ही रेघा तळाशी सपाट. शांतता! मला तर हेच हवं होतं.

९ जुलै

पाऊस बरा. बांधीत चिन्नोरचे परे, म्हणजे रोपं, हिरवेगार. पिंजऱ्यात एक उंदीर. एकटाच! पाहुणा असावा. सोडून दिला.

२२ ऑक्टोबर

आठ.

१७ डिसेंबर

तेवीस.

आज गोमाजीच्या वावरात त्याची माणसं सब्बल, म्हणजे पहारी, घेऊन धुरे खणत होती. उंदराच्या बिळातून धान काढतात! प्रत्येक बिळात लोंब्या रचून ठेवलेल्या, दाणे वेगळे, तूस वेगळं. टोपलीभर निघालं. गोमाजी मला देऊ करत होता. "घ्या मास्तर, तुमचेच उंदरं, तुमचंच धान." मी म्हटलं, उंदराचं उष्टं आमच्या घरात चालत नाही. तो हसून हसून खाली बसला.

७ जानेवारी १९७९

अडतीस. आणि आता घुशीसुद्धा. एक घूस काल ओसरीवरून अशी चालत गेली की मीच बाजूला झालो.

सौ. ढोलीकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

शास्त्रीय उपाय: ढोलीच्या बुडाभोवती काचेचे तुकडे आणि सिमेंट. दोन रविवार घालवले. किल्ला झालाय. हात कापले. ढोलीचं तोंड तर पेरणीपर्यंत लिंपलेलंच असतं. आता दर रविवारी ढोलीच्या पाठीवर थाप मारतो. मजबूत!

१८ मार्च

एकसष्ट. एवढे कधीच नव्हते! पहिल्या वर्षीपेक्षाही जास्त. मांजर आणायलाच हवी.

१९ मार्च

भैय्यालालकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मास्तरजी, आपके यहाँ एक बिल्ली मिलेगी क्या?"

मग त्याची कहाणी. मागच्या वर्षी कोणीतरी हरामखोर त्याच्या गोदामामागे पोतं पोतं मांजरी सोडून गेला. मी बुटांकडे बघत होतो. सहा महिन्यांत वीस-बावीस झाल्या. उंदीर संपले. मग त्या गादीवर, तिजोरीवर, त्याच्या डब्यात. शेवटी त्यानं सगळ्या पोत्यांत भरून तुमसरच्या ट्रकवाल्याच्या गळ्यात मारल्या. आणि आता गोदामात उंदीर असे, की पोतं उचललं तर पोत्याआधी उंदीर उठतात.

"कौन था वो, मालूम पड़ा तो छोडूँगा नहीं," म्हणाला. मला चहा पाजला. मी तो प्यालो.

मुनीमबद्दल विचारलं. पांढऱ्या पट्ट्याची? नाही, ट्रकात ती नव्हती. पहिल्याच दिवशी कुठंतरी निघून गेली.

२५ मार्च

गोमाजी आलेख बघायला आला. खरं तर सौ.नं त्याला बोलावलं असावं, मला समजवायला. अंगठाछाप माणूस. टोपी काढली, बोट काळ्या रेघेवर ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं.

"हे काळी उठली. मंग लाल उठली. लालनं काळीले खाल्लं तं काळी बसली. काळी बसली तं लालले खायाले नाई, तं लाल बी बसली. लाल बसली तं काळी पुन्यांदा उठली." बोट थांबलं. "हा तं झोपाळा हाय, मास्तर. एक वर जाते, तिच्यामागून दुसरी जाते. एकटी कोनीच रायत नाई."

दोन वर्षं हे कागद माझ्या डोळ्यांसमोर होते. मी फक्त ठिपके बघत होतो.

मग म्हणाला, "याच्यात तुमची रेघ कोठी हाय?"

म्हटलं, माझी कशाला?

"मांजरी आनल्या कोनी? नेल्या कोनी?"

तो गेल्यावर निळी शाई घेतली. फेब्रुवारी सत्याहत्तरमध्ये एक निळा ठिपका. मार्च अठ्ठ्याहत्तरमध्ये तीन. काळी रेघ तिथूनच डोकं वर काढते. अगदी तिथूनच.

१३ मे

कोंढ्याहून भोजराज आला. सौ.चा धाकटा भाऊ. घरात आजारी आई. म्हणाला, "ताई, माय जेवत नाई. म्हनते, आपल्या घरचा वासाचा भात आता कोठीच नाई. दोन पायल्या बियानं देशीन का? यंदा एक बांधी तेच लावीन म्हनतो." सौ.च्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नात पण पाहिलं नव्हतं. "दोन काहून, अर्धी ढोली ने! पेरनीच्या टायमाले ये, तोंड फोडून देतो."

मी ढोलीवर थाप मारून दाखवली. मजबूत!

१० जून

आज तोंड फोडलं.

रिकामी.

तळाशी चार बोटं तूस. बाकी काही नाही. बाहेरून सिमेंट तसंच, काच तशीच, लिंपण तसंच. खालून, जमिनीतून, ढोलीच्या बरोबर मधोमध घुशीनं माझ्या मनगटाएवढं भोक पाडलंय. मी महिनोन् महिने पोकळ ढोलीवर थापा मारत होतो.

सौ.नं आत हात घातला. कडेकडेनं फिरवला. सात दाणे निघाले. पदराच्या टोकाला बांधले. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मला इतकी चीड आली की उरलेलं सिमेंट कालवून ते भोक तिथंच बुजवून टाकलं. ठासून. घुशीला कळावं म्हणून.

१५ जून

अड्याळच्या बाजारात तीन तास फिरलो. चिन्नोर आहे, पण भलतंच, कुठल्या कुठल्या मिसळीचं. एका म्हाताऱ्याकडचं घेऊन आलो. सौ.नं मुठीत घेतलं, त्यावर श्वास सोडला, वास घेतला, परत पुडीत बांधलं. "चांगलं हाय," म्हणाली. चांगलं हाय म्हणजे हे ते नव्हे.

१७ जून

भोजराज आला होता. सौ.नं त्याला सांगितलं, "उंदरानं खाल्लं." माझं नाव घेतलं नाही. मी ओसरीवर बसून सगळं ऐकत होतो. तो म्हणाला, "जाऊ दे ताई." आणि रिकामी थैली घडी करून पुन्हा काखेत मारली.

मी या वयात लेकरासारखा रडलो. गोठ्यात जाऊन. गाईसमोर.

२९ जून

मुनीम सापडली!

भंडाऱ्याच्या बाजूला, पुलाच्या अगदी तोंडाशी बेबीबाईचं चहाचं हॉटेल आहे. आज पुलावरून पाणी वाहत होतं म्हणून तिथं थांबावं लागलं. बाकाखाली मानेला पांढरा पट्टा. मी "मुनीम" म्हटलं, तिनं एक डोळा उघडला आणि मला पाहून पुन्हा मिटला. बेबीबाई म्हणाली, "हे? पोरकी हाय. वरीस झालं. रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी जाऊन बसते, पान्याकडं पायते अन् वापस येते."

वर्षभर! मी रोज दोनदा तिथून गेलो. एकदाही खाली पाहिलं नाही.

३० जून

पाणी उतरलं. मुनीमला आणलं. पोत्यात नाही, पिशवीत नाही. पावसात घातलेल्या त्याच जुन्या कोटात गुंडाळून, छातीशी धरून, सायकल हातानं ढकलत. पुलावर तिनं एक आवाज काढला नाही. वाटेत गोमाजी, शकुनबाई, सगळ्यांनी पाहिलं. पाहू द्या.

सौ.नं ताटलीत दूध ओतलं. मग मलाही चहा दिला. साखर घालून.

३ जुलै

मुनीम काही कामाची राहिली नाही. उंदीर समोरून जातात, ही बघत नाही. तीन दिवस झाले, गोठ्याच्या कोपऱ्यात, आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लागते तिथं, जमिनीकडे टक लावून बसलीय. दूधही तिथंच न्यावं लागतं.

सौ. म्हणते, "तिले काईतरी दिसून रायलं."

म्हटलं, म्हातारी झालीय.

सौ. गोमाजीकडे गेलीय. सब्बल मागायला! भर पावसात घराची भिंत खणणार म्हणे. मी सांगून सांगून थकलो. शाळेला उशीर होतोय. चाललो.

४ जुलै

काल शाळेतून आलो तर गोठ्यात हातभर खोल खड्डा, काठावर गोमाजी, शकुनबाई, मुनीम. आत सौ., कोपरापर्यंत माती. घुशीचं कोठार! ढोलीखालून भिंतीखालून थेट इथवर. आतली खोली पावसात गळते, पण ढोलीकडची वाट मीच सिमेंटनं बुजवलेली, म्हणून पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. कोरडं खडखडीत धान. घरात खायचं जया आणि बियाण्याचं चिन्नोर मिसळलेलं. सौ.नं मूठ भरली, वास घेतला, आणि आता मात्र रडली. मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

रात्रीपर्यंत दाणा दाणा निवडला. जाडा जया एकीकडे, बारीक चिन्नोर एकीकडे. तीन पायल्या भरलं. दोन भोजराजच्या. आज सकाळी परे टाकले.

खड्डा बुजवायला मी घमेलं उचललं. सौ.नं हात धरला. ओंजळभर चिन्नोर तिनं परत आत ठेवलं, अगदी तळाशी.

"घुशीचं घुशीले राहू द्या," म्हणाली. "तुमी पुन्यांदा काई गनित केलं तं बियानं ठेवनारी कोनी पायजे न."